उपळेकरांच्या रंगसूचना

"यात बाईचं काम मोठं आहे," उपळेकर म्हणाले आणि झेरॉक्सचा गठ्ठा त्यांनी काउंटरवर खोकल्याच्या बाटल्यांशेजारी ठेवला. "वाचाल ना?"

"मोठं म्हणजे? शेवटी मरते का?"

"नाही."

"वेड लागतं?"

"नाही. बरी असते शेवटपर्यंत."

"मग प्रेमाचं नाटक कसलं हे?"

उपळेकर हसले नाहीत. ते हसायचेच कमी. भूमापन कार्यालयात नोकरी, म्हणजे रोज कुणाच्या तरी बांधावर उभं राहायचं. दोन्ही बाजूंचे लोक कुऱ्हाडीसारखे बघत असतात, तिथे हसून चालत नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन हुबळीला. माझ्याकडे यायचे ते पायाच्या फोडांचं मलम न्यायला. डोकेदुखी नाही, पित्त नाही, झोपेची गोळी नाही. औषधाच्या दुकानदाराला असल्या गिऱ्हाइकाचा काही अंदाजच लागत नाही.

एरवी मिरजेतल्या आमच्या भागाचा ठोकताळा माझ्याकडे पक्का होता. कोण काय खातं हे शेजाऱ्यांना ठाऊक असतं, कोण काय गिळतं हे मला. कुठल्या घरात सून आल्यापासून सासूच्या रक्तदाबाची गोळी अर्ध्याची एक झाली, कुणाचं पित्त महिनाअखेरीला खवळतं, सगळं तोंडपाठ. वडील गेल्यावर दुकान मीच चालवत होते. चव्वेचाळीस वर्षांची, बिनलग्नाची, आणि अख्ख्या गल्लीची कुमुदताई.

"पण वर्षभर वाचायला मी असेन की नाही, ठाऊक नाही," मी म्हटलं. "दादा पुण्याला बोलावतोय. मुलं परदेशात गेली, घर मोकळं पडलंय. म्हणतो, दुकान देऊन टाक आणि ये. घेणारा माणूसही त्याने हेरलाय. दिवाळीच्या आत सांगायचंय, हो की नाही."

उपळेकरांनी मलमाची नळी उचलली, उलटी करून पाहिली.

"अस्सं," ते म्हणाले आणि नळी तिथेच ठेवून निघून गेले.

आता यातून माणसाने काय समजायचं? 'अस्सं' हा शब्द मी दिवसभर तोलत बसले. कधी जड वाटे, कधी अगदीच हलका.

त्या पाडव्याला आमच्या वाचन मंडळाने संकल्प सोडला होता, की वर्षभर दर महिन्याला एक प्रेमाचं नाटक वाचायचं. डोकं शिरगुप्पेबाईंचं. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून त्यांनी जन्मभर पोरींच्या दप्तरातल्या चिठ्ठ्या जप्त केल्या आणि निवृत्त झाल्यावर प्रेमाकडे वळल्या. निवड समितीत त्या आणि उपळेकर. बाईंच्या घरी बैठक व्हायची, आम्हाला फक्त निकाल कळायचा.

वाचन तिसऱ्या शनिवारी संध्याकाळी, वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये. नियम दोन. एक, कुणीही खुर्चीवरून उठायचं नाही. नाटक म्हणो धावत जा, विहिरीत उडी टाक, तरी आपण बसूनच. दुसरा नियम अण्णा मगदुमांमुळे झाला. मगदुमांचं सायकलचं दुकान, अंगाने ऐसपैस, टक्कल, पण आवाज असा की नायकाचं काम दुसऱ्या कुणाला देण्याची सोयच नव्हती. मंडळाच्या पहिल्याच वाचनात त्यांनी समोर जे छापलंय ते सगळं वाचलं. "रडत रडत गुडघे टेकून, मला टाकून जाऊ नकोस. ती हात झिडकारते." एका दमात, एका सुरात. पुढच्या रांगेत मगदूमवहिनींना हसू आवरेना. तेव्हापासून झेरॉक्स काढताना रंगसूचनांवर कागदाच्या पट्ट्या लावायच्या असं ठरलं. वाचणाऱ्याच्या हातात नुसते संवाद, मध्येमध्ये कोरी जागा. सूचना वाचायच्या त्या निवड समितीतल्या एकाने, मूळ पुस्तकातून. शिरगुप्पेबाईंना सूचना वाचतानाही रडू फुटायचं, म्हणून ते काम उपळेकरांकडे आलं.

तर असं होतं. मगदूम माझ्यावर प्रेम करायचे, मी मगदुमांवर, आणि आम्ही कोणी काय करायचं ते उपळेकर सांगायचे.

त्या वर्षीचं पहिलं नाटक ठीक झालं. दुसऱ्यात मात्र मी अडखळले. नायिकेने नायकाला विचारायचं, "साखर किती?" ते मी विचारलं. पुढे माझ्या कागदावर कोरी जागा. उपळेकर त्यांच्या त्या सपाट, मोजणीच्या आवाजात वाचू लागले, "ती चहा गाळते. त्याच्या कपात साय जाऊ नये म्हणून गाळणं आडवं धरते. तो हे पाहतो, पण पाहिल्याचं दाखवत नाही."

मंडळाचा चहा मीच गाळायची. साय आली तर उपळेकर कप तसाच ठेवतात हे कधीतरी माझ्या लक्षात आलं होतं आणि मग हात आपोआप तसा वळायचा. कुणाला सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय?

"ताई, तुमचं वाक्य," मगदूम कुजबुजले.

त्यानंतरच्या महिन्यातलं नाटक एका किराणा दुकानदारिणीचं होतं. मी रंगात येऊन वाचत होते. उपळेकर म्हणाले, "ती हिशेब करता करता थांबते. चष्मा कपाळावर सरकवते आणि मग तोच शोधू लागते." सगळा हॉल माझ्याकडे बघून हसायला लागला. मी हात वर नेला. चष्मा कपाळावरच होता.

चहाच्या वेळी त्यांना गाठलं. "एक विचारू? ते चष्म्याचं पुस्तकात होतं?"

"असल्याशिवाय कसं वाचेन?"

"नाही, म्हटलं, पदरचं काही घालता की काय."

"मी?" ते दचकलेच. "पदरचं वीतभर घातलं तर दोन भाऊ एकमेकांची डोकी फोडतील. जसं आहे तसं वाचतो."

"आणि हसत का नाही कधी?"

"सूचनेत नव्हतं," ते म्हणाले, आणि कप घेऊन खिडकीकडे गेले.

ही थट्टा होती? एकदा वाटायचं, होती. मग वाटायचं, थट्टा करणाऱ्या माणसाचा चेहरा असा नसतो. एक नोंद मात्र माझ्याकडे होती. सगळं गाव मला ताई म्हणायचं, मगदूम तर नायक होऊनही ताई म्हणायचे. उपळेकर कधी म्हणाले नाहीत. मला हाक मारायची वेळ आली की ते खोकायचे. पण खोकल्यावरून निदान करायचं म्हणजे डॉक्टर लागतो, नुसता औषधवाला चालत नाही.

दादाचे फोन येतच होते.

"काय ठरलं तुझं?"

"बघते."

"काय बघतेस? तिथे आहे कोण तुझं?"

"गिऱ्हाईक आहे की."

"गिऱ्हाईक पुण्यातही आजारी पडतं, कुमुद." मग जरा थांबून, हळू आवाजात, "कुणी आहे का? असेल तर सांग. मी काही बोलणार नाही."

आता याला काय सांगणार? एक माणूस महिन्यातून एकदा भर सभेत मला 'ती थबकते' म्हणतो आणि मी घरी येऊन रात्रभर थबकते, हे सांगायचं? दादा बँकेतला माणूस. त्याने तारण काय असं विचारलं असतं.

"कुणी नाही," मी म्हटलं. "दिवाळीपर्यंत थांब."

श्रावणात उपळेकरांनी आणलेल्या नाटकात एक बाई होती. तिच्या घरी एक माणूस वर्षानुवर्षं काही ना काही निमित्ताने येतो आणि काही न बोलता परत जातो. मी तिची वाक्यं वाचत होते आणि कान कोऱ्या जागांकडे लागले होते. "तो दारापर्यंत जातो. वळतो. बोलावंसं वाटतं, पण शब्द जुळत नाहीत. ती त्याच्या पाठीकडे पाहत राहते." इथे उपळेकरांचा आवाज हलला. मला शपथेवर वाटलं, हलला. शिरगुप्पेबाई रडत होत्या, पण त्यांचं काही प्रमाण धरता येत नाही.

मग मात्र मला राहवेना. ही अशी लटकलेली उधारी मला जमत नाही, मग ती कसलीही असो. मंडळाची पुस्तकं, कुठूनही आणलेली असोत, वर्षअखेरपर्यंत वाचनालयातच ठेवलेली असायची. तिथे गेले, म्हटलं आतापर्यंत वाचलेली सगळी नाटकं द्या. कपाटांच्या मधल्या बोळात उभी राहून एकेक पान उलटत गेले. माझं ठरलं होतं. चहा, चष्मा, दार. यातलं एक जरी पुस्तकात नसलं तर तो माणूस माझ्याशी बोलतोय. मग दादाला नाही म्हणायचं आणि पुढचं पुढे.

चहा होता. गाळणं आडवं धरणंही होतं. चष्मा होता. दार, वळणं, न जुळणारे शब्द, सगळं छापलेलं, स्वल्पविरामासकट. ज्यांनी मला उभ्या जन्मात पाहिलं नाही अशा लोकांनी कुठेतरी बसून ते लिहिलं होतं आणि उपळेकरांनी जसं होतं तसं वाचलं होतं.

पुस्तकं परत करताना ग्रंथपाल म्हणाले, "सगळी एकदम? परीक्षा आहे की काय?"

"होती," मी म्हटलं. "नापास झाले."

बाहेर आले तेव्हा मला रागही येईना. कुणावर काढायचा? माणूस प्रामाणिक निघाला हा काही गुन्हा नाही. हसूच आलं, कडवट काढा प्यायल्यावर येतं तसं. गावाचा ठोकताळा ठेवणारी मी आणि माझ्याच खात्यावर हवेतली जमा मांडत बसले होते.

त्याच आठवड्यात दादाला हो कळवलं.

उपळेकर मलमाला आले तेव्हा त्यांनाही सांगितलं. "दादाला हो म्हटलंय. दसऱ्यानंतर एकच वाचन मिळेल मला. मग निघते."

त्यांनी काउंटरवर बोट टेकवलं आणि लाकडाची एक चीर होती तिच्यावरून ते शेवटपर्यंत नेलं.

"अस्सं," म्हणाले.

यावेळी मी तो शब्द तोलला नाही.

दसरा झाल्यावर शिरगुप्पेबाई थायरॉइडची गोळी न्यायला आल्या. चेहरा फुललेला. पिशवीतून त्यांनी माझी प्रत काढून दिली.

"घे. शेवटी जिंकले मी. या खेपेचं नाटक बघ, काय शेवट आहे! ती उंबरठ्यावर उभी राहते, म्हणते, मी इथली कधी नव्हतेच, आणि निघून जाते. रुमाल दोन आण बाई, एक पुरायचा नाही."

"जिंकलात म्हणजे? कुणाशी सामना होता?"

"त्या उपळेकराशी, आणखी कुणाशी. पाडव्यापासून डोकं खाल्लंय माझं." बाई बाकावर बसल्या. "मी एकेक रत्न काढून ठेवायची आणि हा शेवटचं पान आधी उघडायचा. बाई गाव सोडून जाते? नको. भावाबरोबर निघून जाते? नको. मी म्हटलं, अरे बाबा, आपल्या नाटकांत प्रेमात पडलेली बाई एक तर मरते, नाही तर जाते. तिसरं काय करणार ती? तर म्हणतो, राहणाऱ्याही असतील, शोधू. मी म्हटलं, तूच शोध. तर खरंच शोधत बसला. सांगलीची लायब्ररी झाली, कोल्हापूरची झाली. रविवारी हुबळीला लेकीकडे जायचं सोडून पुस्तकं आणायचा. एकदा तर किराणा दुकानाचं ते नाटक घेऊन नाचतच आला. म्हणतो, बाई, हिच्या कपाळावर चष्मा आहे. मी म्हटलं, मग? असेना."

माझ्या हातात गोळ्यांची पट्टी होती. ती मी पिशवीत घातली, पुन्हा काढली, पुन्हा घातली.

"आणि या वेळी?" मी विचारलं.

"या वेळी स्वतःहून हे घेऊन आला. मलाच नवल वाटलं. म्हटलं, अरे, ही तर जाते. तर म्हणाला, जाते तर जाऊ दे, आपण कोण अडवणार. आणि उठून गेला. चहासुद्धा घेतला नाही." बाईंनी पिशवी उचलली. "विक्षिप्त आहे जरा. तू गेल्यावर मलम कुठून आणणार कुणास ठाऊक."

त्या गेल्या. दारात दोन गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली होती. एकाने जुलाबाची गोळी मागितली, मी त्याला डोकेदुखीची देत होते. तोच म्हणाला, "ताई, बरं वाटत नाही काय तुम्हाला?"

मी पुस्तकात नसलेली ओळ शोधत होते. आणि तो माणूस मला पुस्तकंच काढून देत होता, एकेक करून. हे असं कुणी बोलतं का? शनिवारपर्यंत माझं मन दर तासाला बाजू बदलत होतं. कधी वाटायचं, सरळ त्यांच्या घरी जावं. मग वाटायचं, जाऊन काय म्हणायचं? तुम्ही शेवटची पानं आधी का वाचता? आणि आताचं हे नाटक म्हणजे काय, निरोप की परवानगी की नुसताच हात टेकलेला माणूस?

शनिवारी हॉल भरला. मी जाणार हे सगळ्यांना कळलं होतं, त्यामुळे मंडळी आधीच डोळे पुसायच्या तयारीने आली होती. मगदुमांनी वाचण्याआधी माझ्यासमोर पित्ताची गोळी चघळली.

"काय ओ ताई, एवढं प्रेम केलं तुमच्यावर, तरी चाललाच शेवटी."

"आमच्या वहिनींना विचारलंत का?"

"ती म्हणते, जाऊ द्या, आवाज घरी वापरा."

वाचन सुरू झालं. मी वाक्यं नीट वाचली. वाक्यं चांगली होती, लिहिणाऱ्याला दोष नाही. उपळेकर सूचना वाचत होते, पुस्तक डोळ्यांच्या फार जवळ धरून. शेवटाकडे मगदुमांनी हॉल हलवून सोडला. मग माझी ओळ आली, "मी इथली कधी नव्हतेच." मी ती वाचली. खाली कोरी जागा.

उपळेकर वाचेनात.

शिरगुप्पेबाईंनी त्यांना ढोसलं. ते खोकले आणि म्हणाले, "ती निघून जाते. तो तिथेच. पडदा."

टाळ्या झाल्या. बाईंचे दोन्ही रुमाल संपले. लोक भेटून गेले, कुणी पेढे दिले, कुणी पुण्यातल्या भाचीचा पत्ता. नेहमीप्रमाणे उपळेकर खुर्च्या एकात एक घालून भिंतीशी लावू लागले. मी माझ्या खुर्चीवर तशीच बसून होते. एक रांग झाली, दुसरी झाली. हॉलमध्ये माझी आणि तिच्या समोरची अशा दोनच खुर्च्या उरल्या तेव्हा ते माझ्यापाशी येऊन उभे राहिले.

"खुर्ची लावायची होती," ते म्हणाले.

"लावा की. मी उठल्यावर."

"नाटक संपलं."

"ऐकलं मी. ती निघून जाते म्हणालात. मी बसलेय इथेच."

"वाचनात उठायचं नसतं," ते म्हणाले. मग त्यांनाच ते कसंतरी वाटलं असावं. पुस्तक या हातातून त्या हातात घेतलं. "हे मी निवडायला नको होतं."

"मग आधीची का निवडलीत?"

ते समोरची खुर्ची उगाच सरळ करू लागले.

"शिरगुप्पेबाई आल्या होत्या दुकानात," मी म्हटलं.

त्यांचे कान लाल झाले. इतक्या वर्षांत त्या माणसाचं मला दिसलेलं हे पहिलं लक्षण.

"पुस्तकात नसलेलं एक वाक्य सांगा," मी म्हटलं. "एकच."

"ती..." त्यांनी सुरुवात केली.

"ती नको. समोर बसलेय मी."

खाली मगदूम कुणाला तरी सायकलचा ब्रेक समजावून सांगत होते, तो आवाज जिन्यातून वर येत होता. उपळेकरांनी खिडकीकडे पाहिलं, भिंतीशी लावलेल्या खुर्च्यांकडे पाहिलं, जणू कुठून कुठे मोजणीची साखळी धरायची ते बघत होते.

"जाऊ नका," ते म्हणाले.

बस. एवढंच. का जाऊ नका, कुणासाठी जाऊ नका, राहिले तर पुढे काय, यातलं काहीही नाही. वाचणाऱ्याला एवढ्यावर कुणी टाळी दिली नसती.

"दादाला काय सांगू?" मी विचारलं.

"सांगा..." ते विचारात पडले. "सांगा, निवड अजून चालू आहे."

"निवड झाली म्हणून सांगते," मी म्हटलं. "बसा."

समोरची खुर्ची ओढून ते बसले. पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. कारण सांगतील म्हणून मी त्यांच्याकडे बघत होते, आणि आणखी काही विचारेन म्हणून ते माझ्याकडे. खालून मगदुमांनी दोनदा हाक मारली, भजी गार होतात म्हणून. दोघेही उठलो नाही. वाचनात ज्याची पाळी नसेल त्याने गप्प राहायचं असतं, आणि आम्हा दोघांनाही वाटत होतं की पाळी दुसऱ्याची आहे.